काटकसरी किडनी

आज घरी गेलात की सायकल उलटी करून तिचे नट-बोल्ट जवळून बघा. काही निळसर पांढरे दिसतील. एखादा मात्र सोनेरी पिवळा निघेल, आणि उन्हात फिरवला की त्याच्यावर हिरवी-गुलाबी झाक सरकताना दिसेल. इतका देखणा रंग त्या दोन-चार रुपयांच्या बोल्टला आला कुठून?

बोल्ट असतो पोलादाचा. पोलाद उघडं ठेवलं तर पहिल्या पावसातच गंज धरतं. म्हणून त्यावर जस्ताचा पातळ थर चढवतात. पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरी, चिखली, तळवडे या भागात हे काम करणारे प्लेटिंगचे छोटे-मोठे कारखाने आहेत. टाकीतल्या द्रावणात बोल्ट सोडायचे, वीज चालू करायची, की जस्त हळूहळू बोल्टवर जाऊन बसतं. पण जस्तसुद्धा हवेने काळवंडतं. त्यासाठी आणखी एक बुडी असते, क्रोमियमच्या द्रावणात. तिला तिथले लोक ‘पॅसिव्हेशन’ म्हणतात. तो सोनेरी रंग या शेवटच्या बुडीत चढतो.

आपला हा सगळा पट्टाच धातूंवर उभा आहे. 1954 मध्ये पिंपरीत पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे गाड्यांचे कारखाने एकामागून एक येत गेले. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण आज दुचाकी आणि मोटारींसाठी ओळखलं जातं. एका मोटारीत हजारो सुटे भाग असतात. ते कापणारे, वितळवणारे, जोडणारे, रंगवणारे, मुलामा देणारे हजारो हात इथे तिन्ही शिफ्टमध्ये चालू असतात. तुमच्यापैकी कित्येकांचे आई-बाबा, काका-मामा रोज ‘कंपनीत’ जातात ते इथेच.

या धातूंपैकी लोखंड, जस्त, तांबं थोडं थोडं आपल्या शरीरालाही लागतं. पण शिसं आणि कॅडमियम? या दोघांचं आपल्या शरीरात काहीही काम नाही. तरी ते आत शिरले तर जातात कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला आपल्याच पाठीत, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी डोकावावं लागेल.

तिथे मणक्याच्या दोन बाजूंना दोन मूत्रपिंडं असतात. सगळे किडनी म्हणतात, आपणही तेच म्हणू. मोठ्या माणसाची एक किडनी साधारण दीडशे ग्रॅमची, वीतभरापेक्षाही छोटी. पण काम ऐकाल तर थक्क व्हाल! हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं, त्याचा जवळपास पाचवा हिस्सा या दोघींकडेच जातो. एकेका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण-यंत्रणा असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनमध्ये रक्तवाहिन्यांचा एक इवलासा गुंता आणि त्यापुढे एक नागमोडी नळी. दोन्ही किडन्यांतल्या या सगळ्या नळ्या सरळ करून एकापुढे एक जोडल्या, तर लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे चाकणहून नाशिकच्या रस्त्याने निघालात तर जवळजवळ संगमनेर गाठाल.

आता खरी गंमत. या गुंत्यांमधून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं. आपल्या रक्तातला पातळ भाग असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच तो भाग दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो. आणि लघवी किती होते? दीड ते दोन लिटर. बाकीचे 178 लिटर गेले कुठे?

परत रक्तात! दिवाळीआधी माळा आवरताना आपण काय करतो आठवा. कचरा शोधत माळ्यावर बसत नाही. सगळंच्या सगळं सामान खाली काढतो, आणि हवं ते एकेक उचलून परत वर ठेवतो. जे उरलं ते भंगारात. किडनीची पद्धत हुबेहूब तशी आहे. गुंत्यातून पाणी, साखर, मीठ, छोटी प्रथिनं, सगळंच बाहेर काढलं जातं. मग नागमोडी नळीच्या भिंतीतल्या पेशी कामाला लागतात. साखर दिसली, घे परत. पाणी, घे परत. प्रथिन, घे परत. नळीचा अगदी पहिला वळणदार भाग यात सगळ्यात तरबेज असतो. गाळलेल्या पाण्यातला निम्म्याहून जास्त ऐवज तो एकटाच परत आणतो. साखरेचा तर कणही वाया जाऊ देत नाही.

मला किडनीची ही काटकसर फार आवडते. पण शिसं आणि कॅडमियम तिला नेमके इथेच गाठतात.

कॅडमियमचीच गोष्ट घ्या. 1957 मध्ये अमेरिकेत मार्व्हिन मार्गोशेस आणि बर्ट व्हॅली हे दोन शास्त्रज्ञ चक्क घोड्याची किडनी तपासत होते. तिच्यात त्यांना कॅडमियम सापडलं, तेही एका अनोळखी प्रथिनाला चिकटलेलं. या प्रथिनाचं नाव पुढे मेटॅलोथायोनिन पडलं. ते आपल्यातही असतं. आहे एवढंसं, साठ-एक दुव्यांची साखळी, पण त्यातले वीस दुवे गंधकवाले. गंधकाला धातू फार लवकर चिकटतात. त्यामुळे हे एकटं प्रथिन कॅडमियमचे सात-सात अणू पकडून ठेवतं. मोकाट कॅडमियम पेशींची नासधूस करतं, बांधलेलं कॅडमियम गप्प बसतं. किती छान सोय, नाही?

सोय छानच आहे, पण पुढे काय होतं बघा. कॅडमियम बांधलेलं हे प्रथिन रक्तातून वाहत किडनीत येतं. आकाराने लहान, म्हणून सहज गाळलं जातं आणि नळीत उतरतं. आता ते लघवीवाटे निघून गेलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण नळीच्या पेशीला दिसतं फक्त प्रथिन. आणि प्रथिन म्हणजे कामाची वस्तू! ती पेशी ते उचलून आत घेते, पचवते आणि त्याचे तुकडे वापरायला घेते. कॅडमियम मात्र पचत नाही. ते धातूचं मूलद्रव्य आहे. त्याचे आणखी तुकडे करून ते निरुपद्रवी करण्याची कुठलीही युक्ती सजीवांकडे नाही. पेशी बिचारी नवं मेटॅलोथायोनिन तयार करते आणि त्याला पुन्हा बांधून ठेवते. दुसऱ्या दिवशी थोडं आणखी येतं. तिसऱ्या दिवशी आणखी थोडं.

किडनीत शिरलेल्या कॅडमियमपैकी निम्मं बाहेर पडायला किती काळ लागतो, सांगा बरं? दहा ते तीस वर्षं! निम्मं म्हणतोय मी, सगळं नाही. जन्माला आलेल्या बाळाच्या किडनीत कॅडमियम जवळपास नसतंच. मग वयाच्या पन्नाशीपर्यंत ते साठत जातं. एवढंसं सगळ्यांच्याच पोटात जातं, कारण ते मातीत असतं आणि मातीतून अन्नात येतं. तेवढं किडनी सांभाळून घेते. पण कामाच्या जागी त्याचा धूर किंवा धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जात असेल, तर बांधून ठेवणारी प्रथिनं अपुरी पडू लागतात आणि नळीच्या पेशी एकेक करून थकतात.

सराफाच्या पाटीवर ‘केडीएम’ अशी अक्षरं पाहिली आहेत का कधी? त्यात हेच कॅडमियम आहे. सोन्याचे तुकडे जोडायच्या डाकात ते मिसळत, कारण त्याने डाक लवकर वितळतो. दागिना घालणाऱ्याला त्याने काही होत नसे. पण फुंकणी घेऊन ज्योतीवर वाकलेल्या कारागिराच्या छातीत त्याचा धूर जाई. आता हॉलमार्कच्या दागिन्यांच्या डाकात कॅडमियम चालत नाही, हे फार बरं झालं. तंबाखूचं रोपही जमिनीतून कॅडमियम ओढून पानांत साठवतं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात ते न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट सापडतं.

शिशाची चाल थोडी वेगळी आहे. ते कॅल्शियमचं सोंग घेतं. हाडांना वाटतं कॅल्शियमच आलंय, म्हणून ती त्याला ठेवून घेतात. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं मात्र दहा-दहा, वीस-वीस वर्षं मुक्काम ठोकतं आणि तिथून थोडं थोडं पुन्हा रक्तात सुटत राहतं. रक्तात म्हणजे ओघाने किडनीत. तिथे नागमोडी नळीच्या पेशी त्याला पकडून थेट आपल्या केंद्रकात गाठोडी करून ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठोडी डॉक्टरांना दिसतात. वर्षं लोटली की नळ्यांच्या आजूबाजूला घट्ट तंतू वाढतात, नळ्या आक्रसतात, आणि किडनी आकाराने लहान होत जाते.

याचा पुरावा कसा मिळाला माहितेय? मुलांमुळे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात घरांना लाकडी व्हरांडे असतात. त्यांच्या कठड्यांना शिशाचा पांढरा रंग देत. तिथल्या कडक उन्हात रंगाची भुकटी होई. मुलं कठड्याला धरून खेळत आणि तीच बोटं तोंडात घालत. 1904 मध्ये जॉन लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मुलं आजारी पडताहेत ती या रंगाने. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी शिशाचा रंग लावायला कायद्याने बंदी यायला 1922 उजाडलं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. 1929 मध्ये नाय नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की क्वीन्सलँडमध्ये ऐन तारुण्यात किडनीच्या आजाराने मरणारे फारच जास्त आहेत. ही माणसं लहानपणी त्याच व्हरांड्यांवर खेळलेली होती. पुढे 1950 च्या दशकात हेंडरसन या संशोधकांनी किडनीच्या आजाराने गेलेल्यांची हाडं तपासली, तर त्यांत शिसं भरपूर. आठव्या-दहाव्या वर्षी चाटलेल्या रंगाची किंमत किडनीने तिशी-चाळिशीत मोजली! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आपल्याकडे घराच्या रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग इतकी आहे. हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या भिंतींचे आणि खिडक्यांचे पापुद्रे निघत असतील, तर ते नखाने खरवडत बसू नका. पेट्रोलमध्येही पूर्वी शिसं घालत. भारतात ते 2000 च्या फेब्रुवारीत पूर्ण थांबलं, जगातून 2021 मध्ये.

पण शिसं कामातून गेलेलं नाही. गाडीच्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते किलोकिलोने असतं. कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी 2006 आणि 2007 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगारांवर आणि चांदीचे दागिने घडवणाऱ्या कारागिरांवर अभ्यास प्रसिद्ध केले. दोघांच्याही रक्तात शिसं इतर लोकांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. तेव्हा ही क्वीन्सलँडची किंवा जपानची लांबची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

जपानचं नाव आलंच आहे तर तेही सांगतो. तिथल्या तोयामा भागात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतंच. ते नदीत गेलं, नदीचं पाणी भातखाचरात गेलं, भात लोकांच्या पोटात गेला. कित्येक वर्षांनी तिथल्या प्रौढ बायकांची हाडं इतकी मऊ झाली की नुसतं खोकून बरगडी मोडे. आता किडनी बिघडली तर हाडं का मोडावीत? कारण ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देण्याची शेवटची पायरी किडनीतच होते, आणि हाडांना लागणारी खनिजं लघवीतून परत आणायचं कामही तिचंच. 1968 मध्ये जपान सरकारने मान्य केलं की हा आजार खाणीतल्या कॅडमियमचा आहे.

मग आपली इंद्रायणी? आळंदीला तिच्यावर तरंगणारा पांढरा फेस तुम्ही पाहिला असेल, निदान फोटोत तरी. पवना आणि इंद्रायणी दोघी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आहेत. पण ती यादी तयार होते पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मोजमापावरून. फेस येतो तो मुख्यतः साबण-डिटर्जंटसारख्या पदार्थांमुळे. धातूला ना फेस, ना वास. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही तो असू शकतो आणि फेसाळ पाण्यात नसूही शकतो. तो प्रयोगशाळेतच मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की एका लिटरमध्ये शिसं मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाच्या वर नको, आणि कॅडमियम तर मिलिग्रॅमच्या हजार भागांपैकी तीनच भाग चालेल. शहराचं बरंचसं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध करतात. रावेत हे पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक कारखान्यांच्या वरच्या अंगाला आहे, ही चांगली गोष्ट. आता निघोजेजवळ इंद्रायणीतून उचललेलं पाणी चिखलीच्या केंद्रातही येतं. शाळेची सहल काढायची असेल तर अशा केंद्रात काढा, आणि तिथल्या केमिस्टना धातूंची तपासणी कशी करतात ते जरूर विचारा.

किडनीची आणखी एक अडचण आहे. ती कुरकुर करत नाही. दात दुखतो, पोट दुखतं, पण किडनीच्या नळ्या थकल्या तरी माणसाला काही कळत नाही. शिवाय तिच्याकडे ताकदीचा साठा मोठा. एक किडनी दान केलेला माणूस उरलेल्या एकीवर वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो. रक्तातलं क्रिएटिनिन मोजायची नेहमीची तपासणीसुद्धा निम्मी ताकद जाईपर्यंत फारसं काही दाखवत नाही.

मग आधी कसं ओळखायचं? शास्त्रज्ञांनी माळ्याचाच विचार केला. नळीच्या पेशी थकल्या, तर वर परत जायला हवं असलेलं सामान खालीच पडून राहील आणि भंगाराबरोबर निघून जाईल! बीटा-दोन मायक्रोग्लोब्युलिन नावाचं एक छोटं प्रथिन आहे. धडधाकट किडनी ते जवळपास सगळं परत घेते. लघवीत ते वाढलेलं दिसलं, की समजायचं पहिल्या वळणाच्या पेशी दमल्यात. कॅडमियमसोबत काम करणाऱ्यांसाठी ही तपासणी फार मोलाची, कारण किडनीत साठलेलं कॅडमियम बाहेर काढणारं खात्रीचं औषध नाही. शिशासाठी औषधं आहेत, पण त्यातही खरा उपाय म्हणजे ते आत जाणं थांबवणं. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमात, डॉक्टरांनी सरकारला कळवलेच पाहिजेत अशा आजारांची यादी होती. त्या यादीत पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं.

आता बोल्टकडे परत बघू. पिवळ्या बुडीतलं क्रोमियम पूर्वी ‘सहा-वालं’ असे. रसायनशास्त्रात क्रोमियमची दोन मुख्य रूपं भेटतात, तीन-वालं आणि सहा-वालं. तीन-वाल्याला पेशी सहसा आत घेत नाहीत. सहा-वालं सल्फेटसारखं दिसतं, म्हणून सल्फेटच्या दारातून सरळ आत शिरतं. ते फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होतं, नाकातल्या पडद्याला भोक पाडतं, आणि किडनीच्या त्याच नागमोडी नळ्यांना इजा करतं. युरोपने 2000 मध्ये कायदा करून मोटारींतून शिसं, पारा, कॅडमियम आणि हे सहा-वालं क्रोमियम हटवायला सुरुवात केली. गंजरोधक थरांतल्या सहा-वाल्याला 2007 च्या जुलैपासून मज्जाव झाला. युरोपात गाड्या आणि सुटे भाग पाठवायचे तर इथल्या प्लेटिंगलाही बदलणं भाग होतं. निळसर पांढरे बोल्ट आज इतके दिसतात त्यात तीन-वाल्याचा मोठा वाटा आहे. रंगावरून मात्र छातीठोक सांगता येत नाही, कारण तीन-वाल्यातही पिवळा रंग मिसळता येतो.

तुमच्या घरातलं कुणी प्लेटिंग, बॅटरी, सोल्डरिंग किंवा भंगाराच्या कामात असेल, तर त्यांना एक विचारा: कामाचे कपडे आणि बूट घरी येतात का? शिशाची धूळ कपड्यांवर बसून घरी येते आणि चादरीवर, फरशीवर, रांगणाऱ्या बाळाच्या हातावर उतरते. कपडे कंपनीतच बदलले, तिथेच हात-तोंड धुतलं आणि कामाच्या जागी डबा उघडला नाही, तर ही वाट बरीचशी बंद होते. घरी आणावेच लागले तर ते वेगळे धुवायचे. जुनी बॅटरी घरी फोडायची तर मुळीच नाही. 2022 च्या नियमांप्रमाणे ती गोळा करून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोहोचवायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. दुकानदाराला विचारा.

आणि तुमच्या डब्याचाही यात संबंध आहे, कसा ते ऐका. मोठ्या माणसाने शिसं गिळलं तर त्यातला दहावा हिस्सा शरीरात शोषला जातो. मुलांत तो चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातो, कारण वाढत्या शरीराचं आतडं खनिजांसाठी आसुसलेलं असतं. अंगात लोह कमी असेल तर आतडं लोह आत घ्यायची दारं वाढवतं, आणि त्याच दारांतून शिसं व कॅडमियम घुसतात. पोट भरलेलं असेल, आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असेल, तर या दोघांना आत यायला जागा कमी मिळते. नाचणीच्या भाकरीत कॅल्शियम भरपूर असतं. मेथी, चवळीच्या पाल्यात लोह असतं, आणि त्यावर लिंबू पिळलं की ते लोह चांगलं शोषलं जातं. तेव्हा शाळेला उपाशीपोटी पळू नका, आणि डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा, नखांच्या आतूनसुद्धा.